कॅमशाफ्ट व पुशरॉड बदल, जुन्या मोटारसायकल इंजिनांतील

जुन्या मोटारसायकलींच्या चार धावांच्या इंजिनात झडपांची उघडझाप ठरविणारा कॅमशाफ्ट आणि त्याची हालचाल सिलिंडर हेडातील रॉकरपर्यंत (मध्यावर टेकलेला, सीसॉसारखा झुलणारा दांडा) पोहोचविणारे पुशरॉड काढून त्यांच्या जागी नवे बसविण्याचे काम. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्याच्यावरील उंचवटा, म्हणजे कॅम, त्याच्यावर टेकलेल्या टॅपेट या सरकत्या भागाला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरच्या एका टोकाला, आणि रॉकरचे दुसरे टोक स्प्रिंगचा दाब मोडून झडप उघडते. या साखळीतील एक भाग बदलला की उरलेल्या सर्व भागांची लांबी, मोकळीक (झडप मिटलेली असताना साखळीत राहणारी बारीक फट) व वेळ यांचा मेळ पुन्हा जुळवावा लागतो. त्यामुळे या कामात सुटे भाग बसविण्यापेक्षा मोजमापालाच अधिक वेळ लागतो.

उगम : कॅमच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. अल-जझारी या यंत्रकाराच्या १२०६ च्या सुमाराच्या यंत्रविषयक ग्रंथात कॅमशाफ्ट प्रथम आढळतो, असे मत बरेचदा मांडले जाते. दुसरीकडे, चीनमध्ये पाण्याच्या चाकावर चालणारे कांडणीचे हातोडे इ. स. पहिल्या शतकापासून वापरात असल्याचे दाखले आहेत, आणि जवळपास त्याच काळातील अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने वर्णिलेल्या पवनचक्कीवरील वाद्यातही फिरत्या आसावरील खुंट्यांनी दांडा उचलण्याची योजना दिसते. या वादाचे मूळ बव्हंशी व्याख्येत असावे. आसावरील साधी खुंटी दांडा उचलते आणि अचानक सोडून देते. इंजिनाच्या कॅमला मात्र चढ आणि उतार दोन्हींचा वेग ठरवून द्यावा लागतो, कारण झडप आपटत मिटली तर ती व तिची बैठक दोन्ही लवकर निकामी होतात. ही दृष्टी स्वीकारल्यास प्राचीन साधने कॅमची पूर्वज ठरतात, पण इंजिनातील कॅमशाफ्टशी त्यांचे नाते दूरचेच राहते.

मोटारसायकलींत पुशरॉडचा प्रवेश टप्प्याटप्प्याने झाला. सुरुवातीच्या अनेक इंजिनांत इनलेट झडपेला कॅमच नव्हता. पिस्टन खाली जाताना निर्माण होणाऱ्या निर्वाताने ती उघडे. पुढे इनलेट झडप वर व एक्झॉस्ट झडप बाजूला अशी संमिश्र रचना आली, जी हार्ले-डेव्हिडसनच्या व्ही-जुळ्या (व्ही आकारात दोन सिलिंडर असलेल्या) इंजिनांत १९२९ पर्यंत टिकली. दोन्ही झडपा वर आणि दोन्हींना पुशरॉड या रचनेची या कंपनीच्या मोठ्या इंजिनांतील ठळक सुरुवात १९३६ च्या ‘नकलहेड’पासून धरतात. ट्रायम्फच्या १९३७ मध्ये सादर झालेल्या ‘स्पीड ट्विन’मध्ये एडवर्ड टर्नर याने सिलिंडरांच्या पुढे व मागे असे दोन कॅमशाफ्ट ठेवले, बीएसएच्या जुळ्या इंजिनांत एकच कॅमशाफ्ट मागे, तर नॉर्टनच्या जुळ्यांत तो पुढे असे. बीएमडब्ल्यूने १९६९ च्या मालिकेत तो क्रँकशाफ्टखाली नेला.

पुशरॉडची लांबी व धातू : तापमानाचा परिणाम पुशरॉडवर सर्वांत स्पष्ट दिसतो. ॲल्युमिनियमचे रेषीय प्रसरण दर अंश सेल्सिअसला सुमारे २३ दशलक्षांश, तर पोलादाचे सुमारे १२ दशलक्षांश असते. २०० मिमी उंचीचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर १०० अंशांनी तापला तर तो सुमारे ०.४६ मिमी वाढतो. तितकाच तापलेला पोलादी पुशरॉड ०.२४ मिमी वाढतो. म्हणजे थंड असताना नेमकी जुळविलेली मोकळीक गरम इंजिनात ०.२ मिमीहून अधिक वाढू शकते आणि टॅपेट वाजू लागतात. म्हणून ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या इंजिनात हलक्या मिश्रधातूचे, पोलादी टोके दाबून बसविलेले पुशरॉड देण्याची पद्धत रूढ झाली. ओतीव लोखंडाचा सिलिंडर पुष्कळ कमी वाढतो, त्यामुळे तेथे हिशेब बदलतो. शिवाय पुशरॉड सहसा सिलिंडरइतका तापत नाही, हेही विसरता येत नाही. रॉयल एनफील्डच्या जुन्या ‘बुलेट’मध्ये थंड इंजिनावर पुशरॉड बोटांनी सहज फिरावा पण वर-खाली हलू नये, इतकीच मोकळीक ठेवतात. हाच नियम दुसऱ्या धातूंच्या इंजिनाला जसाच्या तसा लावल्यास झडप पूर्ण न मिटण्याचा आणि जळण्याचा धोका असतो.

जुना पुशरॉड तपासताना तो सपाट काचेवर लोळवून वाक पाहतात आणि पोलादी टोके सैल झाली आहेत का ते पाहतात. बराच काळ बंद राहिलेल्या इंजिनात झडप तिच्या मार्गिकेत अडकलेली असेल, तर पहिल्या किकेलाच पुशरॉड वाकतो. इनलेट व एक्झॉस्टचे पुशरॉड पुष्कळ इंजिनांत वेगवेगळ्या लांबीचे असल्याने काढतानाच त्यांवर खूण करणे हिताचे.

झिजेचे निदान : मोकळीक कॅमच्या गोल पायाभागावर मोजली जाते. त्यामुळे उंचवट्याचे टोक झिजले तरी मोकळीक जशीच्या तशी राहते आणि केवळ झडपेची उचल कमी होते. डायल गेजने (सूक्ष्म हालचाल तबकडीवर दाखविणारे मापक) रॉकरची हालचाल मोजल्याशिवाय हे कळत नाही. याउलट मोकळीक जुळवूनही ती पुन्हापुन्हा वाढत असेल, तर टॅपेटच्या तळाचा कठीण थर गेल्याचा संशय घ्यावा. सपाट तळाचा टॅपेट व त्याचा कॅम परस्परांच्या पृष्ठभागाशी जुळून घेतात, म्हणून नव्या कॅमशाफ्टबरोबर टॅपेटही नवे किंवा नव्याने घासून तयार केलेले वापरतात. जुना टॅपेट नव्या कॅमवर ठेवण्याची काटकसर अंगलट येते.

काढणे व बसविणे : पिस्टन संपीडन धावेच्या शिखरावर, म्हणजे दोन्ही झडपा मिटलेल्या अवस्थेत आणून रॉकर सैल करतात, पुशरॉड काढतात आणि मग टायमिंगचे, म्हणजे कॅमशाफ्ट फिरविणाऱ्या दंतचक्रांवरचे, झाकण उघडतात. दंतचक्रे सुटण्याआधी त्यांवरील खुणा पाहून ठेवणे आवश्यक असते. ट्रायम्फच्या जुळ्या इंजिनांत येथे एक मजेशीर अडचण आहे. क्रँकचे दंतचक्र २५ दातांचे, कॅमचे ५० दातांचे आणि मधले ४७ दातांचे असल्याने सर्व खुणा क्रँकच्या ९४ फेऱ्यांनंतरच पुन्हा एकत्र येतात; खुणा जुळत नाहीत म्हणून टायमिंग चुकले, असा निष्कर्ष अनेकांनी घाईने काढला आहे. ५० दातांच्या चक्रात एका दाताची चूक क्रँकच्या १४.४ अंशांइतकी होते. कॅमच्या चक्राला तीन चावीखाचा (चक्र शाफ्टवर पक्के करणारी चावी बसण्याच्या खाचा) असतात, त्यामुळे एक तृतीयांश दात, म्हणजे ४.८ अंश इतका बारीक फरकही करता येतो.

मूळ मापापेक्षा अधिक उचलीचा कॅम बसविला असेल, तर खुणांवर विसंबून चालत नाही. क्रँकवर अंशांची चकती लावून, पिस्टनला दोन्ही बाजूंनी एकाच अडथळ्यापर्यंत आणून मिळालेल्या दोन वाचनांचा मध्य खरे शिखर मानतात आणि त्यावरून झडप उघडण्या-मिटण्याचे कोन मोजतात. पिस्टनच्या माथ्यावर मऊ माती ठेवून इंजिन हाताने फिरविले की झडप व पिस्टन यांमधील अंतर मातीच्या ठशावरून मोजता येते. सुमारे २ मिमी अंतर सामान्यतः पुरेसे मानले जाते, एक्झॉस्टला थोडे अधिक. पूर्ण उचलीवर झडपेच्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकत नाहीत, हेही पाहावे लागते.

द्रवचालित, म्हणजे तेलाच्या दाबाने मोकळीक आपोआप भरून काढणारे, टॅपेट असलेल्या इंजिनांची बाब वेगळी. हार्ले-डेव्हिडसनने ते १९४८ च्या ‘पॅनहेड’मध्ये पुशरॉडच्या वरच्या टोकाशी बसविले आणि १९५३ मध्ये खाली कॅमजवळ आणले. अशा इंजिनांसाठी लांबी बदलता येणारे पुशरॉड मिळतात. ते वापरल्यास रॉकरचे आवरण न काढता खालूनच काम उरकते. मात्र लांबी जुळविल्यानंतर टॅपेटमधील तेल निचरून पुशरॉड बोटांनी फिरू लागेपर्यंत थांबावे लागते. त्याआधी क्रँक फिरविल्यास झडप उघडीच राहून पिस्टनवर आदळण्याचा धोका असतो.

पहिली धाव : नव्या कॅमवर व टॅपेटच्या तळावर जाड वंगण चोपडतात आणि इंजिन सुरू होताच सुमारे वीस मिनिटे मंद गतीवर न ठेवता मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेऱ्यांवर चालवितात, कारण बहुतेक इंजिनांत कॅमला मिळणारे तेल मुख्यतः क्रँकने उडविलेले असते आणि मंद गतीत ते कमी पडते. आधुनिक तेलांत जस्त-फॉस्फरसयुक्त संयुगाचे प्रमाण उत्प्रेरक परिवर्तकांच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या साधनांच्या) रक्षणासाठी घटविल्याने नवे कॅम लवकर झिजतात, असे मत प्रचलित आहे. काही जाणकार दोष भागांच्या अपुऱ्या कठिणीकरणाला देतात. दोन्ही कारणे एकत्र संभवतात, परंतु एकाच तेलावर एक कॅम टिकतो व दुसरा काही तासांत खचतो हे पाहता दुसरे कारण अधिक वजनदार वाटते. धावेनंतर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर मोकळीक पुन्हा तपासून तेल व गाळणी बदलतात.