माझा बटण खय गेला?

आषाढात आमच्या वाडीत लाईट जाण्याचं कुणाला नवल नसतं. वारा सुटला, माडाचं झावळ तारेवर आलं की गेली. वेंगुर्ल्याला त्या दिवशी ती तीनदा गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा शेजारच्या काकांच्या कॉम्प्युटरवरचा ब्राउझर नवंच तोंड घेऊन उघडला. गडग्यापलीकडून हाक आली, "अरे, माझा बटण खय गेला?"

बटण गेलं नव्हतं. डावीकडचं उजवीकडे सरकलं होतं, एवढंच. पण त्याच्या जुन्या जागी आता पान पुन्हा लोड करणारं बटण बसलं होतं. काजूच्या जमिनीचा सातबारा काढायला काका गट क्रमांक वगैरे टाकत, सवयीनं तिथेच क्लिक करत आणि भरलेलं सगळं पुसलं जाई. असं चार वेळा झालं. मग चष्मा काढून म्हणाले, "वय झाला रे. आता डोक्यात ऱ्हवणा नाय."

हे शेवटचं वाक्य मला खटकलं. वयानं नवं शिकण्याचा वेग कमी होतो हे खरं, पण काकांची अडचण विसरण्याची नव्हतीच. ती फार चांगलं लक्षात राहिल्याची होती. वीस वर्षांचा त्यांचा नातू आठवडाभर त्याच चुका करत होता. फक्त तो त्याबद्दल वयाला नाही, कंपनीला शिव्या देत होता.

आधी लाईटचा हिशेब मिटवतो. ब्राउझरची नवी आवृत्ती मागच्या दारानं गुपचूप उतरते आणि तयार होऊन थांबते. तुम्ही ब्राउझर बंद करून उघडलात की ती जुनीची जागा घेते. काका तो कधी बंदच करत नाहीत. बंद केला तो विजेनं. गूगलच्या क्रोम ब्राउझरची मोठी आवृत्ती 2021 मध्ये साधारण दर चार आठवड्यांनी येऊ लागली. आवृत्त्या इतक्या भराभर काढण्यामागे सुरक्षेचंही कारण आहे: दुरुस्ती जाहीर झाली की जुनी आणि नवी आवृत्ती ताडून सुरक्षेतलं भोक कुठे होतं हे चोरालाही कळतं, म्हणून अपडेट टाळणारा जास्त उघडा पडतो. आमच्याकडे नवा कॉम्प्युटर आला की देवाला गाऱ्हाणं घालतात, सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात, मॉनिटरला लिंबू-मिरचीही लटकते. माझी हरकत नाही. फक्त त्या भोकाला लिंबू दिसत नाही.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येतो.

1953 साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणाच्या मेंदूवर अपस्माराच्या उपचारासाठी शस्त्रक्रिया झाली. दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे आठवणी घडवणाऱ्या भागाचा, बराचसा हिस्सा काढला गेला आणि त्यानंतर त्याच्या मनात नवी आठवण टिकेनाशी झाली. ब्रेंडा मिलनर या संशोधिकेनं त्याला आरशात बघून चांदणीच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायला लावली. आरशात हात उलटा दिसतो, त्यामुळे सुरुवातीला सगळ्यांचीच पेन्सिल भरकटते. मोलेसनच्या चुका तीन दिवसांत झपाट्यानं कमी झाल्या. गंमत अशी की हे काम आपण आधी कधी केलंय याचा त्याला पत्ताच नव्हता. 'काय घडलं' हे लक्षात ठेवणारी यंत्रणा वेगळी आणि 'कसं करायचं' हे शिकणारी वेगळी, याचा हा भक्कम पुरावा ठरला.

या दुसऱ्या यंत्रणेत मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लियाचा मोठा वाटा असतो, आणि त्यात स्ट्रायटम या भागाचा. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या ॲन ग्रेबिएल यांच्या गटानं तिथल्या पेशींचं काम उंदरांमध्ये मोजलं. इंग्रजी टी अक्षरासारखी वाट, टोकाशी खाऊ. पहिल्या दिवसांत उंदीर चालत असताना या पेशी वाटभर कुरकुरत राहायच्या. वाट अंगवळणी पडली तशी मधली कुरकुर विरली आणि फक्त दोन ठिकाणी जोर उरला, सुरुवातीला आणि शेवटी. सगळ्या हालचालींचं जणू एक गाठोडं बांधलं गेलं. इशारा मिळाला की अख्खं गाठोडं सुटतं. मध्येच थांबून 'आपण काय करतोय' हे विचारायला तिथे कुणी नसतं. पुढे 2005 च्या प्रयोगात त्यांनी खाऊ काढून घेतला तेव्हा ही नक्षी हळूहळू मावळली, आणि खाऊ परत ठेवताच पटकन परतली. म्हणजे सवय पुसली गेली नव्हती, झाकली गेली होती.

काकांचं तेच. पडद्याचा वरचा डावा कोपरा हा इशारा. तो दिसला की हात निघाला. डोळ्यानं खातरजमा करायच्या आत बोट क्लिक करून मोकळं. म्हणून "नीट बघा की!" हा नातवाचा सल्ला निरुपयोगी. बघण्याचं काम त्या गाठोड्यात बांधलेलंच नाही.

आता खरी मेख. बदल जितका लहान तितका त्रास कमी असं आपल्याला वाटतं. चार्ल्स ऑसगुड या मानसशास्त्रज्ञानं 1949 मध्ये शिकण्याच्या प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र मांडले तेव्हा उलट चित्र निघालं. प्रश्न (म्हणजे इशारा) आणि उत्तर (म्हणजे त्यावरची कृती) दोन्ही तेच असतील तर जुनं शिक्षण मदत करतं. दोन्ही पूर्ण वेगळे असतील तर जुनं मध्ये येत नाही. पण प्रश्न तोच ठेवून उत्तर बदललं की जुनं शिक्षण सगळ्यात जास्त आडवं येतं. ब्राउझर अगदी नवा दिसला तर आपण सावध असतो, दबकत चालतो. तो नव्वद टक्के तसाच दिसला आणि एकच बटण हललं, तर फसलोच. विंडोजवर खिडकी बंद करण्याची फुली उजवीकडे आणि मॅकवर बंद करण्याचं बटण डावीकडे. दोन्ही वापरणाऱ्याला विचारा, पडदे सारखे दिसू लागले की हात कसा चुकतो ते.

काकांच्याच घरात याचा नमुना आहे. दोन वर्षांपूर्वी पडवीत लाद्या बसवल्या आणि पायरी दोन इंच उंच झाली. पाहुण्यांना काहीच होत नाही. अंधारात अंगठा आपटतो तो घरच्यांचा, त्यातही त्याच घरात जन्मलेल्या काकांचा सगळ्यात जास्त.

बनवणाऱ्यांनाही हे महागात पडलं आहे. विंडोज 8 मधून 2012 साली स्टार्ट बटण काढलं, ओरड झाली, वर्षभरात 8.1 मध्ये ते परतलं. 2021 मध्ये आयफोनच्या सफारी या ब्राउझरमध्ये पत्त्याची पट्टी खाली आणली. अंगठ्याच्या दृष्टीनं ते शहाणपणाचंच, कारण लक्ष्य जवळ आणि मोठं असेल तर हात लवकर पोचतो, हा पॉल फिट्स यांचा 1954 चा नियम. तरी पट्टी परत वर नेण्याची सोय द्यावी लागली. काही बदल मात्र हवेच होते. क्रोमनं 2023 मध्ये पत्त्याशेजारचं कुलूप काढलं. कुलूप म्हणजे साइट विश्वासाची, असा लोकांचा समज होता. त्याचा अर्थ एवढाच, की वाटेत मजकूर कुणी वाचू शकत नाही. फसवी साइटसुद्धा कुलूप लावून बसते.

मग सुटायचं कसं? नातवानं कुठल्याशा रीलवर ऐकलं होतं की 21 दिवसांत कुठलीही सवय बदलते. हा आकडा माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या 1960 च्या पुस्तकातून आला. रुग्णांना नव्या चेहऱ्याची ओळख पटायला निदान एवढे दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. 'निदान' हा शब्द पुढे गळला. लंडनमध्ये या विषयावर अभ्यास झाला तेव्हा सवय जडायला सरासरी 66 दिवस निघाले, आणि माणसामाणसांत 18 पासून 254 पर्यंत फरक.

ऑसगुडचं ऐकायचं तर उत्तर बदललंय तिथे इशाराही बदलायला हवा. म्हणून आम्ही काकांच्या ब्राउझरला थीम लावली. वरची पट्टी चक्क हळदीसारखी पिवळी. काकू म्हणाल्या, "लगीन आसा काय?" पण हात थबकू लागला आणि त्या थबकण्यात डोळ्याला संधी मिळाली. पंधरवड्यात सातबारा एका दमात निघाला.

परवा रात्री परत लाईट गेली. तासाभरानं आली तेव्हा काका दमलेले, झोपेला आलेले, आणि बँकेचं पान उघडून बसलेले. हात सरळ डाव्या कोपऱ्यात गेला. पान पुन्हा लोड झालं. पाणी प्यायला उठले आणि पडवीतून आवाज आला, "आई गे!" पायरी लागली होती.