जबाब कुणासमोर घेतला?

कारखान्यात हाणामारी झाली, सुपरवायझरला शिवीगाळ झाली किंवा माल गेटबाहेर गेला, की दुसऱ्या दिवशी एचआरच्या केबिनमध्ये एकेकाला बोलावणं येतं. टाईप केलेला कागद पुढे सरकतो. शेवटची ओळ ठरलेली: ‘वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.’ खाली सही. त्या सहीवर कुणाची तरी पंधरा-वीस वर्षांची नोकरी टांगलेली असते. आणि सही करणाऱ्यालाही उद्या सकाळी त्याच साहेबापुढे हजेरी लावायची असते, त्याच सोबत्याशेजारी डबा उघडायचा असतो.

डोमेस्टिक एन्क्वायरीत, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत चौकशीत, कामगाराचा बचाव सहायक म्हणून मी काही वर्षं बसलो आहे. एका प्रकरणात तीन साक्षीदारांचे तीन जबाब हातात आले. तिन्हींत एकच वाक्य होतं: ‘मी मला नेमून दिलेले काम करीत असताना मोठमोठ्याने आरडाओरड ऐकू आल्याने मी त्या दिशेने पाहिले असता...’ तिन्हींत ‘शिवीगाळ’ हा शब्द एकाच पद्धतीने चुकीचा लिहिलेला. तिघांपैकी एकजण कॉम्प्रेसरजवळचा हेल्पर होता. तिथे कानाशी तोंड नेऊन बोलल्याशिवाय काही ऐकू येत नाही. उलटतपासणीत मी त्याला एवढंच विचारलं की त्या वेळी तुम्ही कुठे उभे होतात? त्याने सरळ सांगितलं, कॉम्प्रेसरपाशी. पुढचं चौकशी अधिकाऱ्यालाही कळलं. तो माणूस खोटारडा नव्हता. जबाब लिहिताना त्याला काय दिसलं, काय ऐकू आलं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

तो माणूस माझ्यासमोर बसला होता म्हणून मला हे विचारता आलं. साक्षीदाराला आरोप असलेल्या कामगारासमोर बसवायचं, हा नियम आज चौकशीत सगळे गृहीत धरतात. तो कामगारापर्यंत पोहोचायला किती काळ लागला, ते मात्र फारसं सांगितलं जात नाही.

मोठ्या अधिकाऱ्यांना हा हक्क फार लवकर मिळाला. कंपनी सरकारच्या काळातच, 1850 साली, लोकसेवक चौकशी कायदा झाला. सरकारच्या मंजुरीशिवाय ज्यांना काढता येत नाही, अशा वरच्या नोकरांसाठी तो होता. आरोप लेखी द्यायचे, साक्षीदारांना बोलावण्याचे अधिकार चौकशी आयुक्तांना द्यायचे, आणि साक्षीदाराची उलटतपासणी आरोपी अधिकाऱ्याने करायची, हे सगळं त्यात होतं. मुंबईतली पहिली कापड गिरणी त्यानंतर सहा वर्षांनी, 1856 साली सुरू झाली. ती सुरू झाली तेव्हा न्याय्य चौकशी म्हणजे काय हे राज्यकर्त्यांना चांगलं ठाऊक होतं. गिरणीच्या साच्यावर (मागावर) उभ्या असलेल्या माणसाला ती लागू करावी असं कुणाला वाटलं नाही, एवढंच.

गिरणीत जॉबरचा, म्हणजे मुकादमाचा, शब्द चाले. कामावर घेणारा तोच, बदलीवर ठेवणारा तोच, दस्तुरी (नोकरीसाठीची चिरीमिरी) घेणारा तोच आणि काढणाराही तोच. अमक्याने सूत खराब केलं, तमका उलट बोलला, असं जॉबरने म्हटलं की झालं. साक्षीदार असायचे, आजूबाजूच्या साच्यांवर उभे असायचे, पण त्यांना विचारण्याची गरज कुणाला नव्हती. आणि विचारलं असतं तरी ते काय सांगणार? बहुतेकजण त्याच जॉबरच्या गावचे, त्याच्याच ओळखीने मुंबईला आलेले, त्याच्याकडूनच उसने पैसे घेतलेले.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1884 साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, ठरलेल्या वेळी पगार, कामावर जखमी झाल्यास भरपाई अशा मागण्या त्यात होत्या. कामावरून काढण्याआधी चौकशी करा, ही मागणी त्यात नाही. मला या गोष्टीचं वाईट वाटतं, पण नवल वाटत नाही. ज्याला दुपारी भाकरी खायला अर्धा तास मिळत नव्हता, त्याने उलटतपासणीचा हक्क कुठून मागायचा?

चित्र बदलू लागलं ते 1928 च्या संपात. दीड लाखाच्या आसपास कामगार जवळजवळ सहा महिने बाहेर होते. संप मिटताना न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यापुढे पगाराइतकाच तापलेला एक विषय होता, तो म्हणजे स्टँडिंग ऑर्डर्स. कामाच्या अटी, दंड आणि बडतर्फी यांचे नियम लेखी असावेत का आणि ते कुणी ठरवावेत? पुढे 1931 साली कामगारांच्या स्थितीवरच्या व्हिटले आयोगाने जॉबरच्या हातातली भरती आणि बडतर्फी काढून घ्यावी असं स्पष्ट सुचवलं. कामगार नेते ना. म. जोशी त्या आयोगाचे सदस्य होते. 1938 च्या मुंबई कायद्याने स्टँडिंग ऑर्डर्सना कायद्याचं बळ आलं, आणि 1946 साली देशभरासाठी स्वतंत्र कायदा झाला. आता काढण्याआधी आरोप लेखी द्यावा लागणार आणि खुलासा ऐकावा लागणार, हे कागदावर आलं.

पण मालकांना पळवाट लगेच सापडली. चौकशी ‘केली’ की झालं. ती कशी करायची हे कुठे लिहिलं होतं? त्यामुळे पन्नाशीच्या दशकातल्या चौकश्यांचा एक नमुनाच तयार झाला. मॅनेजर आधी बंद खोलीत साक्षीदारांचे जबाब घेई. मग कामगाराला बोलावून विचारी, तुझं काय म्हणणं आहे? कशाबद्दल म्हणणं, ते त्याने आपलं ताडायचं.

हे मोडून काढलं सर्वोच्च न्यायालयाने, मुख्यतः 1957 ते 1963 या सहा-सात वर्षांत. सरकारी नोकरांच्या प्रकरणांपासून सुरुवात झाली. 1957 च्या टी. आर. वर्मा निकालात न्यायालयाने दोन गोष्टी एकत्र सांगितल्या. खात्याच्या चौकशीला पुरावा कायदा जसाच्या तसा लागू नाही. मात्र विरुद्ध बाजूचा पुरावा माणसाच्या समक्ष घेतला पाहिजे आणि साक्षीदारांना प्रश्न विचारण्याची संधी त्याला मिळाली पाहिजे. आजही दोन्ही बाजूंचे वकील याच निकालातलं आपापलं अर्धं वाक्य वाचून दाखवतात.

मग कामगारांची प्रकरणं आली, आणि त्यातली दोन महत्त्वाची चहामळ्यांतली होती. 1959 साली फुलबारी चहामळ्याच्या खटल्यात आधीच घेतलेल्या जबाबांच्या नकला कामगाराला न देता त्याला साक्षीदारांना प्रश्न विचारायला सांगितलं गेलं होतं. साक्षीदार काय म्हणाला हेच माहीत नसेल तर प्रश्न कसला विचारणार, असं म्हणत न्यायालयाने ती चौकशी नाकारली. 1963 चं मीनग्लास चहामळ्याचं प्रकरण त्याहून विलक्षण. कामगारांनी ज्या व्यवस्थापकांना घेरून मारहाण केली असा आरोप होता, तेच चौकशीला बसले होते. एकही साक्षीदार तपासला नाही. फक्त कामगारांना प्रश्न विचारले आणि निकाल दिला. तक्रारदार तोच, साक्षीदार तोच, न्यायाधीशही तोच. माणसाला आरोप तर कळलाच पाहिजे, पण तो आरोप ज्या साक्षीवर उभा आहे ती साक्षही कळली पाहिजे, हे तत्त्व न्यायालयाने तिथे स्पष्ट शब्दांत मांडलं. त्याच सुमारास एका सिमेंट कंपनीच्या प्रकरणात, मूळचे साताऱ्याचे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी चौकशीचा क्रमही लावून दिला. आधी मालकाने आपला पुरावा द्यायचा. चौकशीची सुरुवातच कामगाराला उलटसुलट प्रश्न विचारून करायची नाही.

या सगळ्यांत जबाबांच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते केसोराम कॉटन मिल्सचं 1963 चं प्रकरण. प्रश्न साधा होता. साक्षीदाराचा जबाब आधीच लिहून ठेवला असेल, चौकशीत तो नुसता वाचून दाखवला, साक्षीदार ‘हो, बरोबर’ म्हणाला, आणि मग कामगाराला उलटतपासणी करू दिली, तर चालेल का? पोलीस अधिकारी शिवबसप्पा यांच्या खटल्यात न्यायालयाने नुकतंच ‘चालेल’ म्हटलं होतं, कारण नक्कल आणि उलटतपासणी दोन्ही त्यांना मिळालं होतं. केसोराममध्ये न्यायालयाने सावध पाऊल टाकलं. शिकलेला सरकारी अधिकारी आणि गिरणीतला कामगार यांची स्थिती सारखी धरता येणार नाही. साक्षीदाराची सगळी साक्ष कामगारासमोर नव्याने घेणं हेच बरं. ते करायचं नसेल तर आधीच्या जबाबाची नक्कल चौकशी सुरू होण्याच्या किमान दोन दिवस आधी त्याच्या हातात पडली पाहिजे. दोन दिवस म्हणजे काय, हे कामगाराला विचारा. एक संध्याकाळ युनियनच्या ऑफिसात कुणाकडून तरी वाचून घ्यायला, आणि दुसरी त्या दिवशी हजर असलेल्यांना शोधून ‘तू कुठे होतास’ एवढं विचारायला. त्याच वर्षीच्या सुर एनॅमलच्या निकालात आरोप, समक्ष साक्ष, उलटतपासणी, स्वतःचे साक्षीदार आणि कारणांसह निष्कर्ष, या पाच गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या. 1850 साली मोठ्या साहेबाला जे मिळालं होतं, ते कामगाराच्या पदरात पडायला 1963 उजाडलं.

पुढचा प्रवास सरळ झाला नाही. 1977 साली हरियाणातल्या एका बस कंडक्टरचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पैसे घेऊन तिकीट न दिल्याचा आरोप होता, आणि एकाही प्रवाशाची साक्ष झाली नव्हती. प्रवाशांनी जबाब द्यायला नकार दिला, असं तपासनीसाचं म्हणणं होतं. न्यायालयाने बडतर्फी कायम केली. विश्वासार्ह असेल तर ऐकीव पुरावाही खात्याच्या चौकशीत चालतो, असं ठरलं. एसटीच्या वाहकांची प्रकरणं ज्यांनी चालवली आहेत, त्यांना हा रतनसिंग निकाल तोंडपाठ असतो, कारण तो प्रत्येक वेळी त्यांच्यासमोर फेकला जातो. प्रवासी स्टॉपवर उतरून निघून जातो, त्याला कुठे शोधणार, ही अडचण खरी आहे. पण कारखान्याच्या चार भिंतींत, जिथे साक्षीदार रोज हजर असतो, तिथेही हाच निकाल दाखवून साक्षीदार टाळला जातो, ते मला पटत नाही. 2008 साली रूपसिंग नेगी खटल्यात न्यायालयाने दुसरी बाजू ठणकावली. पोलिसांनी गोळा केलेले कागद नुसते फाइलला लावून आरोप सिद्ध होत नाही, ते सांगणारा माणूस समोर यायला हवा.

महाराष्ट्रापुरतं पाहिलं तर 1971 च्या कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा कायद्याने दोन मोलाच्या गोष्टी दिल्या. मान्यता नसलेल्या युनियनलाही आपल्या सभासदासाठी चौकशीत उभं राहता येऊ लागलं. आणि नैसर्गिक न्याय, म्हणजे बाजू मांडायची न्याय्य संधी, धाब्यावर बसवून किंवा अवाजवी घाईने केलेली बडतर्फी ही अनुचित प्रथा ठरली. मुंबई बंदरातल्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात 1982 साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकलं. मालकाच्या बाजूने कायद्याचे जाणकार बसत असतील, तर कर्मचाऱ्यालाही वकील मिळाला पाहिजे.

इतकं सगळं झालं तरी साक्षीदार स्वतः मात्र या इतिहासात कडेलाच राहिला. खाजगी कंपनीतला चौकशी अधिकारी कुणाला समन्स काढू शकत नाही, कायद्याची शपथ देऊ शकत नाही. कामगाराच्या बाजूने बोलायला कुणी आलं नाही तर नाहीच आलं. एकीकडे साहेबाची नजर, दुसरीकडे ‘आपल्याच माणसाविरुद्ध बोललास’ म्हणून सोबत्यांनी टाकलेला अबोला. युनियनकडून आलेला हा दुसरा दाब मी स्वतः पाहिला आहे, आणि तो पहिल्यापेक्षा सौम्य नसतो. मालकाविरुद्ध साक्ष दिली म्हणून कामगाराला काढणं किंवा डावलणं हे 1982 च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्यात अनुचित प्रथा म्हणून नोंदवलं गेलं. पण सहकाऱ्यांचा अबोला कुठल्या अनुसूचीत बसवायचा?

लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने इथे वेगळा रस्ता धरला. तक्रारीची चौकशी करणाऱ्या समितीला साक्षीदार बोलावण्याचे आणि शपथेवर तपासण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार मिळाले. साक्षीदाराचं नाव उघड करायला बंदी आली. खोटी साक्ष देणाऱ्यावर कारवाईची तरतूद झाली, आणि आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही हेही त्यातच लिहिलं गेलं. घाईचा धोका मात्र इथेही आहेच. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाविरुद्ध 2009 मध्ये झालेल्या तक्रारींची चौकशी समितीने इतकी उरकून घेतली की मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. ज्या मुलींनी धीर करून तक्रार दिली होती, त्यांनाही त्यामुळे चौदा वर्षं थांबूनही शेवटचं उत्तर मिळालं नाही.

आता औद्योगिक संबंध संहितेत निलंबनापासून साधारण 90 दिवसांत चौकशी पुरी करायला सांगितलं आहे. वर्षानुवर्षं निलंबनात कुजणाऱ्या माणसांसाठी ही मुदत हवीच होती. त्या 90 दिवसांतून दोन दिवस जबाबाच्या नकलेसाठी वेगळे काढले जातात की नाही, ते मी प्रत्येक नव्या फाइलमध्ये आधी पाहीन.