चोवीस ओळी आणि कलम १०३

१७ मार्च २०१६ रोजी जर्मनीच्या एनडीआर या सार्वजनिक वाहिनीवर ‘एक्स्ट्रा ३’ नावाच्या विडंबन कार्यक्रमात एक गाणे लागले. जेमतेम दोन मिनिटांचे. नेना या गायिकेच्या ऐंशीच्या दशकातल्या गाजलेल्या गाण्याची चाल, आणि शब्द तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष रेसेप तय्यिप एर्दोगान यांच्यावर: तुरुंगात डांबलेले पत्रकार, महिलांच्या मोर्चावर तुटून पडणारे पोलीस, कुर्दांवरची कारवाई. गाणे एरवी आठवड्याभरात विसरले गेले असते. पण पाच दिवसांनी अंकाराने जर्मन राजदूत मार्टिन एर्डमान यांना बोलावून घेतले आणि ते काढून टाकण्याची मागणी केली. कार्यक्रमवाल्यांनी काय करावे? गाण्याला तुर्की भाषेतल्या ओळी खाली जोडल्या आणि एर्दोगान यांना ‘महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी’ जाहीर करून टाकले.

वेळ मात्र नाजूक होती. २०१५ या एका वर्षात सुमारे ८ लाख ९० हजार आश्रयार्थी जर्मनीत आले होते. १८ मार्चला, म्हणजे गाण्याच्या दुसऱ्याच दिवशी, युरोपीय संघाने तुर्कस्तानशी करार केला: ग्रीसला पोहोचलेले लोक तुर्कस्तानने परत घ्यायचे आणि त्या बदल्यात युरोपने निर्वासितांसाठी आधी तीन आणि नंतर आणखी तीन अब्ज युरो द्यायचे. या कराराच्या मागे चॅन्सेलर अंगेला मेर्केल यांचा जोर होता. त्यांची मान अशी अडकलेली असताना टीव्हीवरचा विडंबनकार यान ब्योमरमान मैदानात उतरला.

ब्योमरमानचा ‘निओ मागाझिन रोयाल’ हा कार्यक्रम गुरुवारी रात्री उशिरा लागे. ३१ मार्चच्या भागात तो टेबलामागे बसला, पाठीशी तुर्कस्तानचा झेंडा आणि एर्दोगान यांचे चित्र, बाजूला पौर्वात्य धाटणीचे संगीत. सहकारी राल्फ काबेल्का शेजारी. वर्गात धडा समजावून सांगावा तशी सुरुवात झाली: परवाचे गाणे हे व्यंग्य, ते जर्मनीत चालते, पण नुसती शिवीगाळ करून एखाद्याला हिणवणे, ते मात्र चालत नाही. म्हणजे नेमके काय चालत नाही? तर हे, असे म्हणून त्याने एर्दोगान यांच्यावरची चोवीस ओळींची कविता वाचली. मध्ये मध्ये थांबून, ‘हे करायचे नसते बरे का’ असे बजावत. ओळी इतक्या अश्लील की इथे छापता येणार नाहीत, आणि काही शिव्यांना तुर्कांबद्दलच्या वंशद्वेषाचा वास येतो हेही खरे. मला कविता वाईटच वाटते, तिच्याभोवतीची चौकट हुशार वाटते. झेडडीएफ या त्याच्या वाहिनीने दुसऱ्याच दिवशी तो तुकडा संकेतस्थळावरून काढला.

आता गुंता असा, की जर्मन दंडसंहितेत कलम १०३ होते. परकीय राष्ट्रप्रमुखाचा अपमान केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, हेतुपुरस्सर खोटी बदनामी असेल तर पाच. या कलमाचे मूळ १८७१ च्या दंडसंहितेत, म्हणजे कैसरच्या काळात. राजे एकमेकांची अब्रू सांभाळत, त्यातले हे. साठच्या दशकात इराणच्या शहाने त्याचा इतका आधार घेतला की लोक त्याला ‘शहा-कलम’च म्हणू लागले. या कलमाखाली खटला चालवायचा तर परकीय सरकारची मागणी लागे आणि वर जर्मन सरकारची परवानगी. थोडक्यात, विनोदाचा निवाडा न्यायाधीशाआधी मंत्रिमंडळाच्या टेबलावर येई. (आपल्याकडेही १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ‘परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध’ हे भाषणस्वातंत्र्यावर मर्यादा घालण्याचे एक कारण म्हणून कलम १९(२) मध्ये आले आहे.)

परदेशी सरकारे टीव्हीवरच्या थट्टेवरून राजदूतांना का बोलावतात, याचे एक कारण मला या वाहिन्यांच्या रचनेतही दिसते. एनडीआर, झेडडीएफ या घरटी वसूल होणाऱ्या शुल्कावर चालतात. २०१६ मध्ये ते महिना १७.५० युरो होते. कार्यक्रमात सरकारचा हात नसतो, पण ज्या देशात सरकारी टीव्ही म्हणजे सरकारचा आवाज, तिथल्या माणसाला हे पटवणे कठीण. १९८७ ला हेच झाले होते. फेब्रुवारीत रुडी कारेल या मूळच्या डच सूत्रसंचालकाच्या कार्यक्रमात चौदा सेकंदांची एक जोडचित्रफीत लागली: इराणच्या क्रांतीचा वर्धापनदिन आणि अयातुल्ला खोमेनींवर बायका अंतर्वस्त्रे उधळताहेत असा भास. इराणने दोन जर्मन राजनैतिक अधिकाऱ्यांना हाकलले, विमाने रद्द केली आणि तेहरानमधली गोएटे संस्था बंद करून टाकली. तीच संस्था, जिला पुण्या-मुंबईत आपण मॅक्स म्युलर भवन म्हणतो. चौदा सेकंदांत जर्मन शिकणाऱ्यांचे वर्ग गेले. कारेलने माफी मागितली.

ब्योमरमानने मागितली नाही. मेर्केल यांनी सुरुवातीला कविता ‘जाणूनबुजून दुखावणारी’ असल्याचे मत कळवले होते. ते बोलणे चूक होते असे त्यांना पुढे मान्य करावे लागले. १५ एप्रिलला त्यांनी तुर्कस्तानने मागितलेल्या खटल्याला परवानगी दिली. परराष्ट्रमंत्री श्टाइनमायर आणि न्यायमंत्री मास, दोघे आघाडीतल्या सोशल डेमोक्रॅट पक्षाचे, विरोधात होते. त्याच निवेदनात मेर्केल यांनी कलम १०३ रद्द करण्याचेही जाहीर केले. म्हणजे ज्या काठीने मारायला परवानगी दिली, तीच काठी मोडणार असेही सांगितले. ब्योमरमानला मधल्या काळात पोलीस संरक्षण घ्यावे लागले.

इंग्लंडात तेवढ्यात ‘स्पेक्टेटर’ साप्ताहिकाने एर्दोगान यांच्यावरच्या अश्लील लघुकवितांची स्पर्धा लावली, बक्षीस हजार पौंड. ते मिळाले बोरिस जॉन्सन यांना, ज्यांचे पणजोबा अली केमाल हे ऑटोमन साम्राज्यात मंत्री होते. जुलैत जॉन्सन ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री झाले आणि सप्टेंबरात अंकाराला जाऊन आले. तिथे त्यांना कुणी कोर्टात खेचले नाही.

जर्मनीतला फौजदारी भाग माइन्त्सच्या सरकारी वकिलांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये पुराव्याअभावी बंद केला. दिवाणी भाग लांबला. हाम्बुर्गच्या न्यायालयाने मे महिन्यातच चोवीसपैकी अठरा ओळींवर बंदी घातली होती, २०१७ मध्ये ती कायम केली, वरच्या न्यायालयानेही २०१८ मध्ये ती उचलून धरली, आणि घटनात्मक न्यायालयाने २०२२ मध्ये ब्योमरमानची तक्रार ऐकायलाच नकार दिला. कलम १०३ मात्र १ जानेवारी २०१८ पासून गेले.

कवितेच्या सहा ओळी तेवढ्या त्याला म्हणता येतात. पण १२ मे २०१६ रोजी, कलम रद्द करण्यावरच्या चर्चेत, मेर्केल यांच्याच पक्षाचे खासदार डेटलेफ झाइफ यांनी ती किती वाईट आहे हे दाखवण्यासाठी पुरीच्या पुरी संसदेत वाचली. सभागृहातल्या भाषणाला संरक्षण असते, म्हणून संसदेच्या छापील कामकाजात चोवीसच्या चोवीस ओळी आजही आहेत.