वेब डेटा फ्रेमवर्क (डेव्हलपरांच्या अपेक्षा)

वेब डेटा फ्रेमवर्क म्हणजे संकेतस्थळाचा कोड आणि डेटाबेस यांच्यामध्ये बसणारा तयार सांगाडा. फॉर्ममधली माहिती तपासणे, तक्त्यात साठवणे, पुन्हा काढून पानावर दाखवणे ही रोजची हमाली तो करतो. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची, म्हणजे डेटा परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवण्याची, कल्पना मांडली. पुढे प्रोग्रॅम ऑब्जेक्टच्या (माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र बांधणाऱ्या घटकांच्या) भाषेत लिहिले जाऊ लागले, डेटा मात्र ओळी आणि रकान्यांतच राहिला. हा सांधा जुळवायला हायबरनेट (२००१), रूबी ऑन रेल्स (२००४), जँगो (२००५) अशी साधने आली.

नवे फ्रेमवर्क आले की जाणत्या डेव्हलपरची पहिली मागणी ठरलेली: आतून डेटाबेसला काय विचारतोस ते दिसू दे. समजा, निपाणीच्या एखाद्या पतसंस्थेचे २०० कर्जदार एका पानावर दाखवायचे आहेत. फ्रेमवर्कने आधी यादी मागवली आणि मग प्रत्येकाच्या जामीनदारासाठी वेगळी विचारणा केली, तर एका पानापायी २०१ क्वेरी होतात. यालाच 'एन अधिक एक'चा घोळ म्हणतात. स्वतःच्या लॅपटॉपवर दहा नोंदी घालून तपासताना तो जाणवतही नाही. खऱ्या डेटावर पान रांगायला लागते. म्हणून क्वेरींची नोंद, एकत्र माहिती उचलण्याची सोय आणि अडल्यास सरळ एसक्यूएल (डेटाबेसला विचारणा करायची भाषा) लिहायची मुभा, एवढे तरी हवेच.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात खरी परीक्षा नावांची असते. एकाच माणसाचे नाव आधार कार्डावर कन्नड व इंग्रजीत, मराठी शाळेच्या हजेरीपटावर मराठीत. शहराचेच बघा: १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव 'बेळगावी', मराठी माणसाच्या तोंडी 'बेळगाव', जुन्या इंग्रजी कागदांवर 'बेलगाम'. गावाचे नाव हीच प्रायमरी की (नोंद ओळखायची एकमेव खूण) करून बसलेल्याची अशा वेळी पंचाईत होते. ओळख क्रमांकाने ठेवावी. नावे वेगळ्या तक्त्यात, लिपी आणि तारखेसह. तक्त्याची रचना बदलण्याचे टप्पे, म्हणजे मायग्रेशन, कोडबरोबरच जपले जावेत आणि चुकल्यास मागे फिरता यावे, ही अपेक्षा त्यातूनच येते.

लांबीचा फास त्याहून चोरटा. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या आणि कन्नडच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट (साठवणुकीचे एकक) लागतात. मात्रा धरून 'बेळगाव'ची सहा चिन्हे, म्हणजे १८ बाइट. 'बेळगावी'ची सात, म्हणजे २१. रकान्याची मर्यादा २० बाइट असेल तर जुने नाव बसते आणि नवे अडकते! मर्यादा चिन्हांत मोजा, एवढेच मागणे असते.

शोधातही असाच चकवा आहे. 'कऱ्हाडकर'मधला 'ऱ' एका संकेताने लिहिता येतो किंवा 'र' आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) असा जोडूनही. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, बाइट मात्र वेगळे. युनिकोडचे (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना संकेत देणाऱ्या पद्धतीचे) प्रमाणीकरण हे दोन एक करते; पण कुणी 'र', हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून तीच अक्षराकृती उमटवली असेल तर ते त्याच्या हाती लागत नाही. तो नियम स्वतःच घालावा लागतो, आणि फ्रेमवर्कने त्यासाठी जागा ठेवलेली असावी. क्रमवारीचेही तेच. युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे आहे, मराठी वर्णमालेत 'ह'नंतर. नुसत्या संकेतक्रमाने लावलेल्या सभासद यादीत 'क्ष'ने सुरू होणारी आडनावे 'ख'च्या आधी येतात.

कणकुंबी–जांबोटीकडे पावसाळ्यात रेंज गेली तर भरलेला फॉर्म मोबाइलमध्ये थांबावा आणि नंतर एकदाच, दुबार न होता, पोहोचावा. हेही हवे असते.

शेवटी, डेटा बाहेर काढण्याची वाट. सीएसव्ही (स्वल्पविरामाने वेगळी केलेली नोंदींची) फाइलच्या सुरुवातीला बीओएम ही छोटी खूण नसेल तर एक्सेल कित्येकदा मराठीऐवजी चित्रविचित्र अक्षरे दाखवते. ही खूण घालायचा पर्याय सेटिंगमध्ये असला, की ऑफिसातून येणारा फोन वाचतो.