लोखंडाच्या पेलेट: खरी परीक्षा पाण्याची

कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये उतरणाऱ्या सळ्या आणि पत्रे बघून त्यांच्या मागचा खनिजाचा चुरा कुणाच्या मनात येत नाही. खाणीत हा चुरा भरपूर निघतो. तो तसाच झोतभट्टीत, म्हणजे खनिजापासून लोखंड काढणाऱ्या ब्लास्ट फर्नेसमध्ये, टाकला तर खालून वर जाणाऱ्या गरम वायूंची वाट बुजते आणि भट्टी गुदमरते. म्हणून त्याच्या 8 ते 16 मिलिमीटरच्या, वाटाण्यापासून बोराएवढ्या गोळ्या करतात, त्या पेलेट. नवी मुंबईकरांना हे काम जवळचंच आहे: पेण तालुक्यातल्या डोलवीच्या पोलाद कारखान्यात पेलेट बनतात, आणि तिथलं खनिज धरमतरच्या खाडीतून बार्जने येतं.

आधी दळण. भुकटीतले साधारण 80 टक्के कण 45 मायक्रॉनपेक्षा बारीक हवेत. जाडसर कण एकमेकांना धरत नाहीत. त्यात अर्धा ते एक टक्का बेंटोनाइट ही फुगणारी चिकणमाती मिसळतात. गोळी पक्की व्हावी म्हणून ती सढळ हाताने घालण्याचा मोह होतो, पण तिच्यात निम्म्याहून जास्त सिलिका असते. ती वाढली की भट्टीत मळी, म्हणजे वितळलेला टाकाऊ भाग, वाढते आणि कोक, म्हणजे कोळशापासून केलेलं इंधनही जास्त जळतं.

मग येते डिस्क: पाच ते साडेसात मीटर व्यासाची, सुमारे 45 अंशांत कललेली, मिनिटाला सहा-आठ फेरे घेणारी परात, जिच्यात भुकटी घोळून गोळ्या वळल्या जातात. सगळं कसब इथेच लागतं. गोळीत 8 ते 10 टक्के पाणी हवं. कणांमधल्या फटींत ते भरतं आणि त्याचा पृष्ठताण कणांना आत ओढून धरतो. पाणी कमी पडलं तर गोळी ठिसूळ राहते. जास्त झालं तर ती चकाकायला लागते, शेजारणीला चिकटते आणि थरात दबून चपटी होते. अर्ध्या टक्क्याचा फरकही लगेच दिसतो, म्हणून ऑपरेटरची नजर फवाऱ्यावर असते. वाढलेल्या गोळ्या आपोआप वर येऊन काठावरून बाहेर पडतात, लहान तळाशी फिरत राहतात. परातीचा तळ खरवडणारं पातं, म्हणजे स्क्रॅपर, झिजलं की तळाचा थर खडबडीत होतो आणि ही निवड बिघडते. कच्ची गोळी 45 सेंटिमीटरवरून पोलादी पाट्यावर चार-पाच वेळा टाकून बघतात; त्याआधी फुटली तर पाणी, बेंटोनाइट किंवा दळण, यांतलं काहीतरी चुकलेलं असतं.

पुढे भाजणी. सुकवताना घाई केली तर आतल्या वाफेने गोळी तडकते. नंतर तापमान 1250 ते 1350 अंश सेल्सिअसपर्यंत नेतात. लोखंडाची खनिजं मुख्यतः दोन, मॅग्नेटाइट आणि हेमेटाइट. मॅग्नेटाइट ऑक्सिजन घेताना स्वतःच उष्णता देतं. हेमेटाइट देत नाही, म्हणून त्यात बारीक कोक किंवा कोळसा मिसळावा लागतो. पण मॅग्नेटाइटही घाईने भाजलं तर बाहेरचं कवच आधी घट्ट होतं, गाभ्याला ऑक्सिजन पोहोचत नाही आणि दोघांच्या मध्ये गोल तडा पडतो.

पक्क्या गोळीने सुमारे 250 किलोचा दाब झेलायला हवा. तेवढ्याने मात्र भागत नाही. थंड असताना दणकट असलेली गोळी भट्टीत ऑक्सिजन गमावताना फुगून भुगा होऊ शकते. त्यामुळे 900 अंशांना तिची वेगळी चाचणी घेतात आणि आकारमान 20 टक्क्यांहून जास्त वाढलं तर तो माल झोतभट्टीसाठी चांगला धरत नाहीत.