लिक्विड यीस्ट नेताय? स्टार्टर साखरेच्या पाण्यात करू नका

घरी बियर करणाऱ्यांचा फोन येतो तो बहुतेक असाच, "तुमी मेलेला यीस्ट दिलास!" बरणीत फेस मस्त आला होता म्हणे, पण बियरच्या बादलीत ओतल्यावर दोन दिवस काहीच नाही, नाहीतर हायड्रोमीटर (साखर किती उरली ते दाखवतो तो) १.०२२ वर अडकला तो अडकलाच. आम्ही एकच विचारतो, स्टार्टर, म्हणजे बादलीत घालण्याआधी यीस्ट वाढवून घ्यायचं ते थोडं मिश्रण, कशात केलात? साखरेच्या पाण्यात, कोणी गुळाच्या, एकाने तर शहाळ्याच्या.

अहो, फेस आला म्हणजे यीस्ट वाढलं असं नाही. साखरेवर गॅस भरपूर सुटतो, पण नवीन पेशी व्हायला नायट्रोजन लागतो, तो साखरेत नाहीच. त्यात बियरच्या वर्टमधली (वर्ट म्हणजे माल्टचं, मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं, न आंबवलेलं पाणी) मुख्य साखर म्हणजे माल्टोज, आणि नुसत्या साध्या साखरेवर वाढलेल्या यीस्टची माल्टोज आत घ्यायची सवयच मोडलेली असते, ती परत लागेपर्यंत वेळ जातो आणि आपल्या दमट हवेत तेवढ्यात दुसरेच जंतू घुसतात. मग बियर आंबट आणि नाव आमचं.

स्टार्टर माल्टच्या पाण्यात करा म्हटलं की माडीला कोण माल्ट घालतं, असंही ऐकवतात. बरोबर, माडी आपसूक आंबते, पण ती त्याच दिवशी प्यायची, दुसऱ्या दिवशी तिचं काय होतं ते तुम्हाला माहितीय. बियर बाटलीत महिनाभर टिकवायचीय ना.

तर एक लिटर पाण्याला १०० ग्रॅम माल्ट एक्स्ट्रॅक्ट पावडर, दहा-पंधरा मिनिटं उकळा, भांडं झाकून बर्फाच्या पाण्यात ठेवून २५ अंशांच्या खाली आणा, मगच यीस्ट घाला. गरम असताना घातलंत तर खरंच मरेल. तोंडावर फॉइल सैल लावा, येता-जाता हलवत राहा, दीड दिवसात तयार. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की यीस्ट तळाशी बसतं, वरचं पाणी ओतून टाका. पावडर आमच्याकडे सुटी १०० ग्रॅमची पण मिळते, साखरेपेक्षा महाग आहे हे मान्य, पण वीस लिटर बियर ओतून देण्यापेक्षा स्वस्तच.

उरलेलं यीस्ट उकळून धुतलेल्या बरणीत, झाकण थोडं सैल, फ्रीजमध्ये आतल्या बाजूला, २ ते ४ अंशांवर. दारात नको, आणि फ्रीझरमध्ये तर अजिबात नको, बर्फाने पेशी फुटतात (लॅबवाले ग्लिसरीन घालून गोठवतात, ते वेगळं). बरणीवर तारीख लिहा, महिन्याच्या वर गेलं तर आधी परत स्टार्टर करा. रंग तपकिरी आणि जळक्या रबरासारखा वास आला की सरळ फेकून द्या. चार-पाच वेळा वापरून झालं की नवीन न्या, तेच तेच यीस्ट ओढत बसू नका.

ज्यांच्याकडे आंबताना बियर थंड ठेवायची सोय नाही त्यांनी नेहमीचं एल (ale) बियरचं यीस्ट नेऊच नये असं आमचं मत, त्याला १८ ते २२ अंश लागतात आणि मे महिन्यात मालवणात ते कुठून आणणार. नॉर्वेचं क्वाइक यीस्ट घ्या, व्हॉस नावाचं, ३५ च्या वरही बिनधास्त चालतं. तिकडचे शेतकरी ते सुकवूनच साठवायचे. आमच्याकडेही सुकं पाकीट आहे, त्याला स्टार्टर लागत नाही, आणि पावसात लाईट गेली तरी टेन्शन नाही.

परवान्याचं तुमचं तुम्ही आधी बघा, १९४९ चा दारूबंदी कायदा आहेच. लिक्विड यीस्टचं पार्सल सोमवार-मंगळवारीच सोडतो, आईस पॅकचे पैसे वेगळे, त्यात घासाघीस नको, कारण शनिवारी सुटलेला डबा रविवारभर डेपोत उन्हात पडून राहतो. यीस्ट खराब निघालं तर बदलून देऊ, फक्त फोन करताना हायड्रोमीटरचं रीडिंग हाताशी ठेवा.