गंजाचं तोंड गोल दिसतच नाही

मागच्या रविवारी बहिणीकडे गेलो होतो. भाचा सातवीत आहे, यंदा एलिमेंटरीला बसतोय, तर डायनिंग टेबलवर ड्रॉइंग पेपर पसरून तोंड पाडून बसलेला. वस्तुचित्राच्या तासाला सरांनी स्टुलावर एक गंज आणि दोन संत्री मांडली होती (नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो, गंज म्हणजे उभं, सरळ भिंतीचं पातेलं, ज्यात आपण दूध तापवतो ते). संत्री झकास जमली होती, नागपूरचा पोरगा, जमणारच. पण गंजाचं तोंड जवळजवळ पूर्ण गोल, पुनवेच्या चंद्रासारखं, आणि बूड पट्टीनं मारल्यासारखं सपाट. सरांनी दोन्हीवर लाल फुली मारून बाजूला लिहिलं होतं, "बघून काढ". आणि ह्याचं रडगाणं एकच, "मी बघूनच काढलं ना मामा!"

बहिणीच्या सासूबाई आतून म्हणाल्या, त्याच्या हातात नाही ते, चित्रकला देवानं द्यावी लागते. मला राहवलं नाही. कारण भानगड हातात नाहीच आहे, डोळ्यातही नाही, ती त्याच्या मागे मेंदूत आहे, आणि तिथे पोराचा मेंदू अगदी उत्तम काम करून राहिला होता, म्हणूनच चित्र बिघडलं.

बघा, गंजाचं तोंड खरोखर गोल असतं, पण तुम्ही त्याच्यावर डोकं आणून सरळ खाली डोकावलात तरच ते गोल दिसेल. स्टुलापासून लांब बसून बघाल तर डोळ्याच्या दृष्टिपटलावर पडते ती चपटी, लंबगोल प्रतिमा. मेंदूला मात्र त्या चपटेपणाशी काही देणंघेणं नसतं, त्याला वस्तू कशी आहे ते हवं असतं, कारण आपल्याला गंज उचलायचा असतो, त्याची प्रतिमा नाही. मग अंतर, तिरपेपणा, सावल्या हे सगळं हिशेबात धरून तो परस्पर दुरुस्ती करतो आणि आपल्यासमोर बरंचसं गोल तोंड ठेवतो. आकाराची स्थिरता म्हणतात याला. ती नसती तर रस्त्यावर १० मीटरवरून ५ मीटरवर आलेला माणूस दुप्पट फुगल्यासारखा वाटला असता, कारण डोळ्यातली त्याची प्रतिमा खरंच दुप्पट होते.

१९३१ साली रॉबर्ट थाउलेस नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं हे मोजलं. लोकांसमोर तिरपी गोल चकती ठेवायची आणि विचारायचं, तुम्हाला ती आत्ता ज्या आकाराची दिसते तो आकार दाखवा. लोकांनी दाखवलेला आकार ना पूर्ण गोल, ना डोळ्यातल्या प्रतिमेइतका चपटा, मधलाच कुठला तरी. म्हणजे "दिसतं तसं सांग" म्हटलं तरी माहीत असलेलं त्यात मिसळतंच. माझ्या भाच्याचा गंज हुबेहूब थाउलेसच्या चकतीचा भाऊ.

आता हे किती चपटं हवं होतं ते आकड्यांत बघू, मला हा भाग फार आवडतो, ज्यांना दहावीची त्रिकोणमिती आठवून घाम फुटतो त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारली तरी चालेल. समजा गंजाचं तोंड २० सेंटीमीटर रुंद, उंचीही २०. तुमचा डोळा गंजापासून दीड मीटरवर आणि त्याच्या काठापेक्षा ४० सेंटीमीटर वर. मग काठाकडे जाणारी नजर आडव्या रेषेशी साधारण १५ अंशांचा कोन करते, आणि लंबगोलाची उंची भागिले रुंदी म्हणजे त्या कोनाचा साइन, म्हणजे सुमारे ०.२६. कागदावर तोंड १० सेंटीमीटर रुंद काढलं तर उभं फक्त २.६ सेंटीमीटर! भाच्यानं काढलं होतं आठच्या वर. आता बूड. ते डोळ्यापेक्षा ६० सेंटीमीटर खाली, कोन जवळजवळ २२ अंश, साइन ०.३७. म्हणजे बुडाची गोलाई तोंडापेक्षा जास्त असायला हवी, आणि पोरं नेमकी तिथेच सपाट रेघ मारतात, कारण गंज स्टुलावर सपाट बसतो हे त्यांना माहीत असतं. तोंड गोल माहीत, बूड सपाट माहीत, झालं चित्र. उलटा प्रकार बघायचा तर रस्त्यावर उभं राहून शेजारच्यांच्या स्लॅबवरची गोल पाण्याची टाकी बघा, डोळा खाली आणि टाकी वर, त्यामुळे तिची खालची कड कमानीसारखी वर वळलेली दिसते.

सर वर्गात सांगतात ना, एक डोळा मिटा, हात ताठ करा, पेन्सिल आडवी धरा, अंगठ्यानं माप घ्या, आपण सगळ्यांनी ते केलंय आणि चित्रकार असल्याचा भाव खाल्लाय. पण ती मेंदूची दुरुस्ती बंद पाडायची युक्ती आहे. दोन डोळ्यांनी बघताना प्रत्येकाला थोडं वेगळं चित्र मिळतं, त्या फरकावरून मेंदू खोली काढतो, एक डोळा मिटला की तो पुरावाच गेला. आणि हात ताठ का, तर दहावी भूमितीचा पहिलाच धडा, समरूपता. डोळ्यापासून पेन्सिल ६० सेंटीमीटरवर असेल तर दीड मीटरवरचा २० सेंटीमीटरचा गंज पेन्सिलीवर ८ सेंटीमीटर भरतो. कोपर वाकून पेन्सिल ४० वर आली की तोच गंज ५.३. म्हणजे रुंदी ताठ हातानं आणि उंची वाकड्या हातानं मोजली की सगळं प्रमाण गेलं खड्ड्यात. ड्यूरर या जर्मन चित्रकारानं १५२५ सालच्या पुस्तकात याच कामाचं यंत्र छापलंय, एक डोळा एका जागी खिळवायचा आणि समोरच्या काचेतून जे दिसतं ते काचेवरच गिरवायचं.

एवढ्यात बहिणीनं मोबाईल पुढे केला, कुणीतरी मिडब्रेन अॅक्टिव्हेशनच्या क्लासची जाहिरात पाठवली होती, मुलं डोळ्यांवर पट्टी बांधून रंग ओळखतात, चित्रकला सुधारते वगैरे. बाई गं, मध्यमेंदू प्रत्येक पोराचा जन्मापासून चालूच असतो, डोळ्यांची बुबुळं हलवायचं कामसुद्धा तोच बघतो, बंद असता तर पोरगा इथे बसलाच नसता. आणि पट्टीखाली नाकाच्या बाजूला फट राहते, तिच्यातून खाली धरलेलं कार्ड छान दिसतं, घरी दुपट्टा बांधून बघ. "उजवा मेंदू जागृत करा"वाल्यांचंही तेच, चित्र काढताना दोन्ही बाजू कामाला लागतात. फीच्या पैशात पोराला चार वर्षं पुरतील एवढे कागद येतील.

तिला पटलं नाही बहुतेक, म्हणून बाथरूमच्या आरशासमोर नेलं. एक डोळा मिटायचा आणि आरशात दिसणाऱ्या आपल्या चेहऱ्याची कड साबणाच्या तुकड्यानं काचेवर गिरवायची. चेहरा आहे तेवढाच दिसतो आरशात, बरोबर? मग गिरवलेलं पट्टीनं मोजायचं. निम्मं भरतं! मागे सरा, पुढे या, निम्मंच, कारण आरसा तुमच्या आणि तुमच्या प्रतिबिंबाच्या बरोबर मध्ये असतो. रोज दात घासताना बघतो आपण हे आणि एकदाही दिसत नाही. सासूबाईंनी पण येऊन गिरवलं, दोनदा मोजलं, मग म्हणाल्या पट्टी चुकीची आहे.

जेवणं झाल्यावर गंज परत स्टुलावर मांडला, यावेळी भाचा आणि मी दोघंही कागद घेऊन बसलो. मला तर साइनसकट सगळं पाठ, म्हटलं दाखवतोच. अर्ध्या तासानं मोजलं, माझं तोंड १० ला ४ सेंटीमीटर आलं, भाच्याचं ३. बुडाची गोलाई त्यानं व्यवस्थित काढली होती, माझी मात्र सपाटच राहिली होती. मी खोडरबर शोधत होतो तेव्हा तो म्हणाला, "मामा, कोपर वाकवून राहिला होता तू, मी बघत होतो."